पाठवलं म्हणजे पोचलं?

एक कबुलीजबाब. सी मध्ये 'सेंड()'ने एरर दिली नाही म्हणजे डेटा पोचला, असं मी परवा-परवापर्यंत धरून चाललो होतो. बीई आहे, बरं का मी!

पनवेलजवळ कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आम्ही केलंय. ट्रकचं वजन झालं की आकडा सॉकेटमधून हेड ऑफिसला. एका दुपारी पाच ट्रकची वजनं तिकडे आलीच नाहीत. माझ्या लॉगमध्ये मात्र पाचही वेळा "पाठवलं". मी छातीठोकपणे सांगून टाकलं, प्रोग्राम बरोबर आहे, काट्यावरच्या काकांनीच काहीतरी घोळ घातला असणार. काकांना बोलणी बसली.

नंतर नीट बघितलं. सेंड() फक्त आपला डेटा कर्नलच्या बफरमध्ये ठेवतं आणि किती बाइट घेतले ते सांगतं. (सगळे घेईलच असंही नाही, उरलेले पुन्हा द्यावे लागतात. पण ते निदान पुस्तकात असतं.) त्या दुपारी लाइन गेली होती. आमची नोंद 64 बाइटची, बफर कितीतरी मोठा, तो आपला घेत राहिला. लिनक्सचं टीसीपी एरवीच्या सेटिंगला साधारण 15 मिनिटं पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि मग नाद सोडतं. सहाव्या ट्रकला -1 आला, तोवर लाइनही आली होती, प्रोग्रामने नवं कनेक्शन जोडलं आणि सहावा गेला. आधीचे पाच जुन्या कनेक्शनबरोबर बुडाले.

सेंड() 1983 च्या 4.2 बीएसडीपासून असंच आहे, त्याला काय बोलणार! माझा राग कॉलेजातल्या प्रॅक्टिकलवर आहे. क्लायंट-सर्व्हर एकाच मशीनवर, "हॅलो" गेलं, जर्नलवर सही. त्यापेक्षा दोन मशीन द्या, आणि एक्स्टर्नलने मध्येच केबल उपटून मग व्हायवा घ्यावी. पत्र पेटीत टाकणं वेगळं आणि पोचपावती वेगळी, हे आपल्या आजोबांना माहीत होतं.

आता प्रत्येक नोंदीला क्रमांक दिलाय. हेड ऑफिसचा प्रोग्राम ती डिस्कवर लिहितो आणि तोच क्रमांक परत पाठवतो, तोपर्यंत ती आमच्या फाइलमधून हलत नाही. तोच क्रमांक दोनदा आला तर दुसरा सोडून द्यायचा. टीसीपीच्या ॲकवर भागत नाही, ती फक्त पलीकडच्या कर्नलची सही.

शनिवारी काट्यावर गेलो. काकांनी काही न बोलता वही पुढे केली. पाचही ट्रक, नंबर आणि वजनासकट, बॉलपेनने लिहिलेले. मी सॉरी म्हणालो. "चहा घेणार का?" म्हणाले.