सीट बदलली, बोल्ट कोण तपासणार?

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की पहिले मोठे गाव येते ते वलगाव. एसटी, ट्रॅक्टर आणि काळीपिवळीच्या गर्दीत या रस्त्यावर आताशा एखादी खाली दबवलेली पोलो किंवा रुंद टायरची थार हमखास दिसते. पुण्याला, चाकणला नोकरीला लागलेली वऱ्हाडातली मुले जुनी पण दमदार गाडी घेतात, दिवाळीला गावी आणतात आणि हळूहळू तिला मनासारखी करून घेतात. टायर, सायलेन्सर, दिवे झाले की नजर गाडीच्या आत वळते. कंपनीने दिलेल्या सीट काढायच्या आणि दुसऱ्या, महागड्या मॉडेलच्या स्पोर्ट्स सीट बसवायच्या. भंगार बाजारात सीट मिळते, कुशनवाला तिला नवे कापड चढवून देतो. भोके जुळत नसली तर वेल्डिंगवाला असतोच. "टाका मारून देतो, काही होत नाही," हे वाक्य ऐकले नाही असा गाडीचा शौकीन वऱ्हाडात सापडणे कठीण.

त्या टाक्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. हौस करणाऱ्याला त्यातला धोका कोणी समजावून सांगत नाही, आणि समजला तरी काम तपासून घ्यायला जाण्याजोगे दार आपल्या व्यवस्थेत नाही.

हौस मुळात चुकीची नाही. वेगाच्या गाडीत सीटचे काम साध्या गाडीपेक्षा जास्त असते. वळणावर शरीर बाहेर फेकले जाते तेव्हा सीटच्या उंच कडांनी बरगड्या आणि मांड्या धरून ठेवल्या नाहीत, तर चालक स्टीअरिंगलाच लटकतो. जुन्या गाडीचा फोम बसलेला असतो, कंबर भरून येते. उंच माणसाची अडचण वेगळीच. 1989 मध्ये आलेली माझदाची एमएक्स-5 ही छोटी दोन आसनी गाडी जगभर लोकप्रिय झाली, पण उंच चालकाचे डोके तिच्या छपराला टेकते. म्हणून परदेशात कुणी सीटमधला फोम खरवडून काढतो, तर कुणी लोटस एलिझची पातळ सीट खास पट्ट्या करून तिच्यात बसवतो. मॉडेल दुसरे, कंपनी दुसरी, तरी गरज खरी आहे.

या गरजेवर अख्खे उद्योग उभे राहिले. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये 1906 साली सुरू झालेला रॉयटर हा मोटारींचे सांगाडे बांधणारा कारखाना पुढे पोर्शेसाठी बॉडी बनवू लागला. 1963 च्या सुमारास बॉडीचे काम पोर्शेकडे गेले आणि उरलेल्या कंपनीने फक्त सीटवर लक्ष दिले. तीच रेकारो. तिच्या सीट पोर्शेपासून जपानी गाड्यांपर्यंत असंख्य गाड्यांत बसल्या. पण सीटबरोबर त्या-त्या मॉडेलसाठी बनवलेली बैठक आणि मंजुरीचा कागदही मिळत असे. सीट परकी असली तरी जोड तपासलेला होता.

कारखानेही दुसऱ्याचे सुटे भाग सर्रास वापरतात. आज मुंबईच्या टाटा समूहाकडे असलेल्या जग्वारने एक्सजे 220 या आपल्या काळातल्या अतिवेगवान गाडीला रोव्हर 200 या घरगुती गाडीचे मागचे दिवे लावले होते. लॅम्बोर्गिनीच्या डियाब्लोला शेवटच्या वर्षांत निसानच्या 300 झेडएक्सचे पुढचे दिवे होते. कारखाना असे करतो तेव्हा तो भाग नव्या जागी पुन्हा चाचणीतून जातो आणि काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा हे ठरलेले असते. गॅरेजमध्ये या दोन्ही गोष्टी नसतात. दिव्याच्या बाबतीत ते एक वेळ चालून जाईल, सीटच्या बाबतीत चालणार नाही.

याचे कारण सीटच्या आत आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत पट्ट्याचे बक्कल सीटच्या सांगाड्याला किंवा रेलला जोडलेले असते. म्हणजे धडकेत माणसाला थोपवणाऱ्या ताणाचा मोठा भाग पट्ट्यातून सीटमध्ये, सीटमधून चार बोल्टमध्ये आणि बोल्टमधून गाडीच्या तळाशी जातो. सीटच्या पुढच्या भागाचा चढही उगाच दिलेला नसतो. धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून घसरू नये म्हणून तो असतो. घसरला तर पट्टा हाडावरून सुटून पोटात रुततो. मागून धडक बसल्यावर मान वाचते की मोडते, हे हेडरेस्टच्या उंचीवर ठरते. शेजारच्या सीटखालचा सेन्सर तिथे कुणी बसले आहे का, हे एअरबॅगच्या संगणकाला कळवतो. अनेक मॉडेलमध्ये बाजूची एअरबॅग सीटच्याच कडेत शिवलेली असते आणि ती फुटावी म्हणून तिथली शिवण मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. कुशनवाल्याने त्यावर जाड रेक्झिन चढवून दुहेरी शिवण मारली, तर एअरबॅग हवी त्या क्षणी हवी तशी उघडेलच असे नाही.

थोडे गणित केले की टाक्याचे मोल कळते. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास वीसपट जोर येतो. 70 किलोचा माणूस त्या क्षणी 1,400 किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहतो. म्हणून पट्ट्याच्या बांधणीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मोटारीतील तीन बिंदूंच्या पट्ट्यावर छातीच्या आणि कमरेच्या भागांत एकाच वेळी प्रत्येकी 13,500 न्यूटन, म्हणजे सुमारे 1,375 किलोचा जोर लावतात. पट्टा सीटला जोडलेला असेल तर सीटच्या वजनाच्या वीसपट जोर आणखी वाढवतात. एवढे सगळे सोसून सीट जागेवर राहिली, तरच मॉडेल पास होते.

आता गॅरेजमधला जोड पाहू. नव्या सीटची रेल जुन्या भोकांवर बसत नाही, म्हणून पत्र्याची पट्टी कापून मध्ये घालतात. कंपनीने सीटचे बिंदू तळाखालच्या आडव्या मजबूत पट्टीवर दिलेले असतात. पट्टी घालून ते सरकवले की भार साध्या पत्र्यावर येतो, आणि मोटारीच्या तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो. बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून येतात. बोल्टच्या डोक्यावर 10.9 कोरलेले असेल तर त्याच्या पोलादाची ताणशक्ती 1,000 मेगापास्कल असते, 4.6 असेल तर 400. दिसायला दोन्ही सारखे, ताकदीत अडीचपट फरक. खड्ड्यांच्या रस्त्यावर दोन्ही वर्षानुवर्षे टिकतील. फरक धडकेच्या क्षणीच कळेल, तोवर नाही.

महाराष्ट्रात तयार झालेल्या गाडीचेच उदाहरण घेऊ. फोक्सवॅगनची पोलो चाकणच्या कारखान्यात 2009 च्या अखेरीपासून 2022 पर्यंत बनली आणि स्वस्तातली वेगवान गाडी म्हणून तरुणांनी तिला डोक्यावर घेतले. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. त्यानंतर कंपनीने भारतात दोन एअरबॅग सर्वच पोलोंना देऊ केल्या. पण त्या पुढच्या. बाजूच्या एअरबॅग इथल्या नेहमीच्या पोलोत नव्हत्या, युरोपातल्या पोलोच्या सीटमध्ये होत्या. तिकडच्या जीटीआय या पोलोच्या वेगवान प्रकाराची अशी चौकडीच्या कापडाची सीट इथल्या पोलोत बसवली की ती दिसते देखणी, बोल्टही बहुधा जुळतात, आणि चालकाच्या बरगड्यांशेजारी तारा न जोडलेली, स्फोटकाने फुगणारी पिशवी पडून राहते. उलट प्रकारही घडतो. बाजूची एअरबॅग असलेल्या गाडीत ती नसलेली सीट बसवली की डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागतो. तो विझवण्यासाठी काही जण वायरिंगमध्ये रेझिस्टर लावून संगणकाला फसवतात. दिवा विझतो, एअरबॅग गेलेलीच असते, आणि पुढे ती गाडी विकत घेणाऱ्या माणसाला याचा पत्ताही नसतो.

कायदा इथे काय करतो? मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणांत हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आणलेल्या कलम 182 अ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हा धाक कागदावरचा नाही. मार्च 2023 मध्ये श्रीनगरच्या न्यायालयाने छत, टायर, सायरन असे बदल केलेल्या एका थारमालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली होती. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याचा तुरुंगवास टळला.

पण नोंदणी प्रमाणपत्रावर आसनसंख्या असते, सीट कोणती आणि ती कशी बसवली हे नसते. दोन सीट काढून दोनच बसवल्या तर कागद जसाच्या तसा राहतो. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे चालते. नूतनीकरणापर्यंत तिला आरटीओत योग्यता तपासणीसाठी जावेच लागत नाही. कायदा सीट मोजतो, बोल्ट पाहत नाही.

यातला विरोधाभास थारमध्ये स्पष्ट दिसतो. 2020 मध्ये नाशिकला तयार होणारी नवी थार आली, तेव्हा मागे समोरासमोर बसायच्या बाकड्यांचा सहा आसनी प्रकारही विक्रीला होता. काही महिन्यांतच कंपनीने तो बंद केला आणि पुढे तोंड करून बसायच्या सीटच ठेवल्या. आता समोरासमोरची बाकडी असलेल्या जुन्या थारच्या मालकाला तशीच सुधारणा करायची असेल, तर आसनसंख्या बदलते आणि तो थेट कलम 52 मध्ये अडकतो. सुरक्षिततेसाठी धडपडणारा माणूस गुन्हेगार ठरू शकतो आणि रेझिस्टर लावणाऱ्याला कोणी विचारत नाही.

इतर देशांनी यातून वाट काढली आहे. जर्मनीत बदल केलेली गाडी मान्यताप्राप्त तज्ज्ञाला दाखवून तो बदल कागदपत्रांवर चढवून घेता येतो. ऑस्ट्रेलियात वाहनबदलांची राष्ट्रीय संहिता आहे. तिच्यात सीट आणि पट्ट्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि मोठ्या बदलाला अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते आणि तिच्यात सीट घट्ट आहे का, एअरबॅगचा दिवा ठीक आहे का, हे पाहतात.

आपल्याकडेही अशी वाट काढावी म्हटले की दोन आक्षेप येतील. पहिला, सरसकट बंदीच घाला. बंदी आजही आहे, आणि तिच्यामुळे काम थांबण्याऐवजी बिनबिलाचे, बिनजबाबदारीचे झाले आहे. दुसरा आक्षेप, आरटीओकडे माणसे नाहीत. तो खरा आहे, म्हणूनच हे ओझे एकट्या आरटीओवर टाकू नये. वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे. कोणत्या गाडीत कोणती सीट कोणत्या जोडाने चालेल, याची यादी तिने प्रसिद्ध करावी. अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआय आहेत. तिथल्या यंत्र विभागांना ठरावीक शुल्कात जोड, बोल्ट आणि वायरिंग तपासून दाखला देण्याचा अधिकार द्यावा आणि आरटीओने तो दाखला नोंदणीला जोडावा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाला जोडून गावोगावच्या वेल्डिंगवाल्यांसाठी आणि कुशनवाल्यांसाठी एअरबॅग व सीटबेल्टचे छोटे प्रशिक्षण घ्यावे. ही माणसे हातची कसबी आहेत. त्यांना माहिती दिली तर तीच सर्वांत जवळची सुरक्षाव्यवस्था ठरतील.

हे होईपर्यंत गाडीच्या शौकिनांनी काही गोष्टी पाळाव्यात. अपघातात गेलेल्या गाडीची सीट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये; तिच्या सांगाड्याने एक धडक आधीच सोसलेली असते. तळाच्या पत्र्यावर वेल्डिंग करू देऊ नये. सीट कंपनीच्या मूळ बिंदूंवर आणि त्याच प्रतीच्या बोल्टने बसत नसेल, तर ती सीट त्या गाडीसाठी नाही, असे समजावे. एअरबॅगच्या वायरिंगमधल्या पिवळ्या कनेक्टरला अनुभवी माणसाशिवाय हात लावू नये. रेझिस्टर लावून दिवा विझवून देणाऱ्या गॅरेजमधून गाडी तशीच परत आणावी. केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवावा, आणि गाडी विकताना घेणाऱ्याला सांगावा.

जुन्या सीटच दुरुस्त करून घेणे हा बहुतेकांसाठी सर्वांत चांगला मार्ग आहे. नवा फोम, कंबरेला आधार, चांगले कापड, आणि एअरबॅग असेल तर तिची कड मोकळी. वलगावपासून अकोल्यापर्यंत हे काम चोख करणारे कारागीर आहेत. परिवहन विभागाने आता त्यांच्या कामाला नियम, तपासणी आणि दाखला द्यावा, आणि तो देण्यासाठी एखाद्या मोठ्या अपघाताची वाट पाहू नये.