तळोज्यातला दमा कॉम्प्युटरला कधी कळतो?

समजा, तळोजा एमआयडीसीतल्या एका कामगाराला दम लागतोय. डॉक्टर केसपेपरवर लिहितात 'ऑक्युपेशनल अस्थमा'. उद्या कुणी विचारलं, 'या भागात श्वसनाचे रुग्ण किती?', तर साधा सर्च त्याला मोजणारच नाही. 'श्वसन' हा शब्दच तिथे नाही ना! खारघर-तळोज्याचे रहिवासी कारखान्यांच्या वासाबद्दल वर्षानुवर्षं ओरडतायत, कासाडी नदीचं प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. अशा ठिकाणी एकेक रुग्ण मोजला जाणं महत्त्वाचं.

यावरचा उपाय म्हणजे ऑन्टोलॉजी, म्हणजे शब्दांची नाती सांगणारा कोश. आरोग्यक्षेत्रात 'स्नोमेड सीटी' वापरतात. भारत 2014 मध्ये त्याचा सदस्य झाला. देशातलं काम पुण्याचं सी-डॅक बघतं. दमा हा श्वासनलिकांचा आजार, श्वासनलिका हा श्वसनसंस्थेचा भाग, म्हणून दमा हा श्वसनाचा आजार, हा निष्कर्ष काढणारं सॉफ्टवेअर म्हणजे रीझनर.

गोम वेगात आहे. कोशात साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना. प्रत्येक जोडी तपासायची तर सहा हजार कोटींवर जोड्या! 'ईएलके'सारखे रीझनर जोड्या तपासतच नाहीत. माहितीतून जे निघतं तेवढंच काढत जातात, आणि काम प्रोसेसरच्या कोअर्समध्ये वाटून घेतात. साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत काम होतं. ही घाई हॉस्पिटलला नाही, त्यांना तयार उत्तरं मिळतात. घाई असते कोशात नवा आजार घालणाऱ्या संपादकाला: चूक झाली का, हे त्याला लगेच बघायचं असतं.

फुकट मात्र काही नाही. हा वेग मिळतो कारण कोशाची भाषा मुद्दाम सोपी ठेवलीय. 'अमुक नसलेला रुग्ण' असलं नकारार्थी वाक्य त्यात नीट मांडता येत नाही. तेही हवं असेल तर 'हर्मिट'सारखा रीझनर लागतो, आणि मोठ्या कोशावर तो धापा टाकतो.

म्हणून 'आमचा रीझनर दहापट फास्ट' असं कुणी म्हटलं की आधी विचारा: फाइल उघडायचा वेळ धरलाय का? जावा प्रोग्रॅमची पहिली फेरी संथच असते, ती मोजली का? रॅम किती खाल्ली? आणि दोघांची उत्तरं सारखी आली का? शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो.

तळोज्यापुरतं बोलायचं तर मला अडचण रीझनरची वाटतच नाही. आभा अ‍ॅपमध्ये हाताने लिहिलेल्या केसपेपरचा फोटो चढवला, तर त्यात स्नोमेडचा कोड नसतो. मग रीझनर कितीही पळाला तरी तो कामगार मोजला जात नाही.