अ‍ॅव्हरेज किती देते?

आपल्याकडे दारात नवीन गाडी उभी राहिली की पेढा तोंडात टाकता टाकता लोक पहिला प्रश्न विचारतात, अ‍ॅव्हरेज किती देते? दुसरा, ऑन रोड कितीला पडली? आणि हल्ली सुरू झालेला तिसरा, सनरूफ आहे का? चालवायला कशी आहे, हे विचारणारा माणूस मला गेल्या दहा वर्षांत दोनदा भेटला. त्यातला एक गॅरेजवाला होता.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण माझी भाची. नोकरीला लागून दीड वर्ष झालं, पहिली गाडी घ्यायची आहे. तिचं स्वतःचं बजेट आठ लाखांचं. पण घरच्यांनी (म्हणजे आमच्या ताईने आणि भाऊजींनी. वाचत असाल तर रागावू नका) तिला हळूहळू चौदा लाखांच्या उंच गाडीपर्यंत चढवत नेलं आहे. उंच बसायला मिळतं, रस्त्यावर चारचौघांत दिसते, आणि "लग्नानंतर मोठी लागेलच की!" या पोरीला गाडी चालवायला मनापासून आवडते, हे या सगळ्या हिशोबात कुणी धरलेलंच नाही. मी तसं म्हटलं तर तीच मला म्हणाली, "मामा, आवडतं हे काय कारण झालं का गाडी घ्यायचं?"

झालं ना. माझ्या मते ते पहिल्या तीन कारणांत आलं पाहिजे. आणि गंमत म्हणजे या एका बाबतीत मन मारायला जास्त पैसे पडतात, मनासारखं करायला कमी.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. मजा म्हणजे वेग नव्हे. एक्सप्रेसवेवर ताशी १०० ची मर्यादा आहे आणि आजची कुठलीही गाडी १०० ला आरामात पोचते. त्यापुढची ताकद तुम्ही विकत घेता, तिचा हप्ता भरता आणि ती बॉनेटखाली झोपून राहते. खरी मजा असते ती तीस ते सत्तरच्या दरम्यान. दिवे घाटात, वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात, पावसाळा सरल्यावरच्या ताम्हिणीत. तिथे तिसरा की दुसरा, आत्ता ब्रेक की वळून झाल्यावर, असे छोटे छोटे निर्णय सतत घ्यायचे असतात आणि गाडीने प्रत्येकाला लगेच "हो" म्हणायचं असतं. गाडीने विचार करून उत्तर दिलं की मजा गेली.

लगेच हो म्हणायला लागतं ते हलकं अंग. १९९३ साली आलेली मारुतीची झेन आठवा. एक लिटरच्याही आतलं इंजिन, ताकद पन्नास अश्वशक्तीची. कागदावर काहीच नाही. पण वजन इतकं कमी आणि बसायची जागा जमिनीला इतकी जवळ की चाळीसच्या वेगात वळण घेतलं तरी आपण काहीतरी पराक्रम केला असं वाटायचं. २०१० ची अल्टो के-१० घ्या. ६८ अश्वशक्ती आणि वजन साडेसातशे किलोच्या आसपास. दिसायला मुनीमजी, पण सिग्नल सुटला की भल्याभल्यांना आरशात पाठवायची. आणि २००५ ची पहिली स्विफ्ट. १.३ चं इंजिन, ८७ अश्वशक्ती, साधारण एक टन वजन. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना "अरेच्चा, गाडी चालवणं हे काम नाही" हे पहिल्यांदा तिने शिकवलं.

तिचं १.३ चं इंजिन पुढे २०१० मध्ये १.२ चं झालं, तेही बाजाराने नाही तर करांनी ठरवलं. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना (डिझेलला १५०० सीसी) कमी अबकारी कर लागला आणि तेव्हापासून आपल्या गाड्यांची उंची सोडून बाकी सगळी मापं सरकारी फूटपट्टीने ठरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून याच मापाच्या गाड्यांना जीएसटी १८ टक्के झाला, त्यातही फूटपट्टी तीच आहे. उंचीला मात्र कर नाही, म्हणून सगळ्या गाड्या वर वाढल्या. बलेनो आणि फ्रॉन्क्स शेजारी शेजारी उभ्या करून बघा. मुळात तीच गाडी, फक्त उंच टाचेच्या चपला घातलेली.

उंच टाचेने काय होतं ते घाटात कळतं. वजन वर गेलं की वळणावर गाडी एका बाजूला कलते आणि उलट्या वळणावर दुसऱ्या बाजूला. चालवणाऱ्याला स्टीयरिंगचा आधार असतो, त्याला फार जाणवत नाही. मागे बसलेल्या आईला जाणवतं. आमच्या घरात गाडीचा खरा रोड टेस्टर आईच. महाबळेश्वरपर्यंत तिला आवळा सुपारी लागली नाही तर गाडी चांगली. आणि चालवायला मजा देणाऱ्या ज्या ज्या गाड्यांत ती बसली आहे, त्यात बहुतेक वेळा ती निवांत झोपलेली आहे. कारण चालवायला चांगली गाडी म्हणजे धसमुसळी गाडी नव्हे. जी कलत नाही, हिसके देत नाही, ब्रेक दाबाल तेवढाच लागतो, ती चालवणाऱ्यालाही आवडते आणि मागच्यालाही.

आता उंच गाडीच्या बाजूने बोलायला हवं, नाहीतर भाऊजी म्हणतील मामाने एकतर्फी लिहिलं. आपले स्पीडब्रेकर हा मुद्दा खरा आहे. सोसायटीने स्वतःच्या हाताने घातलेले जे डोंगर असतात, त्यावर लहान गाडीचं पोट घासू शकतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच सीटवर बसणं-उतरणं सोपं जातं, हेही खरं. रोज कच्च्या रस्त्याने शेतावर जाणाऱ्याने माझं काही ऐकू नये. पण भाचीचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी, आणि महिन्यातून एकदा वाईला आजीकडे. यात तिला डोंगर चढायचा आहे तो फक्त वाटेतल्या घाटाचा, आणि त्याला डांबर आहे.

गिअरबद्दल मात्र मी जरा जुन्या वळणाचा आहे. हाताने गिअर टाकण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही. वळणाच्या आधी चौथ्यावरून तिसऱ्यात येताना इंजिनाचा सूर चढतो आणि गाडी जणू कंबर कसते. पण हिंजवडीच्या संध्याकाळच्या गर्दीत हे सुख डाव्या गुडघ्यात जमा होतं. रोज तासाभरापेक्षा जास्त असं रांगणं असेल तर ऑटोमॅटिक घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. स्वस्त गाड्यांत बहुधा एएमटी मिळते. म्हणजे गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच आणि गिअर आपल्याऐवजी यंत्र चालवतं. गिअर बदलताना ती क्षणभर श्वास रोखते. बदलाच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडला की हा हिसका पुष्कळ कमी होतो, आणि घाटात मॅन्युअल मोडमध्ये टाकून आपले गिअर आपणच ठरवायचे. एवढं केलं की तीही बरी वागते.

पैशांचं तर सरळ गणित आहे. बारा लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता १९ हजार ३०० रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज सव्वाचार लाखांच्या जवळ. त्याऐवजी पाच लाखांचं कर्ज त्याच व्याजाने चार वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेबारा हजारांच्या आत आणि व्याज लाखाच्या आत. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीने सात वर्षांचा हप्ता गळ्यात बांधून घेणं मला खटकतं ते यासाठी. या वयात नोकरी सोडावीशी वाटते, पुढे शिकावंसं वाटतं, बॉसला एक दिवस नीट उत्तर द्यावंसं वाटतं. १९ हजारांचा हप्ता असला की माणूस बॉसपुढे फार गोड बोलतो :)

या सगळ्याला एकच आक्षेप असा आहे की ज्यापुढे मी विचारात पडतो. सुरक्षितता. ताई म्हणाली, "तुझी हलकी गाडी ट्रकला लागली तर?" यावर विनोद करून पळता येत नाही. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत आपल्याकडच्या स्विफ्टला २०१८ मध्ये दोन तारे मिळाले आणि नियम कडक झाल्यावर २०२२ मध्ये एकच. २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्ये सगळ्या व्हेरिएंटना सहा एअरबॅग आहेत, ही चांगली गोष्ट, पण एअरबॅग म्हणजे गाडीचा सांगाडा नव्हे. दुसऱ्या बाजूला, त्याच संस्थेने जानेवारी २०२० मध्ये टाटाच्या अल्ट्रोजला पाच आणि टियागोला चार तारे दिले. दोन्ही लहान गाड्या. म्हणजे मजबुतीसाठी गाडी उंच असावी लागते असं नाही, आणि उंच आहे म्हणून मजबूत आहे असंही नाही. तेव्हा ताईचा प्रश्न बरोबर, पण त्याचं उत्तर चौदा लाखांचंच असायला हवं असं नाही.

माझं मत विचाराल तर, वळणावर अल्ट्रोज फार छान बसते, रस्त्याला धरून राहते. तिचं १.२ पेट्रोल इंजिन मात्र जेवण झाल्यावरचं वाटतं. स्विफ्टचं उलट. इंजिन उत्साही, अंग हलकं, गिअर लोण्यासारखे. मी एकटा असतो तर डोळे मिटून स्विफ्ट घेतली असती. रात्री साडेदहाला ऑफिसातून निघणाऱ्या भाचीला मी अल्ट्रोज सांगितली आहे. थोडी मजा कमी पडेल, पण ताई झोपेल. खालच्या-मधल्या व्हेरिएंटपाशी थांबलं तर तिच्या बजेटच्या जवळपास दोन्ही येतात.

जुन्या गाडीत मजा याहून जास्त मिळते, आणि इथे मला थोडी हळहळही वाटते. फियाट पुंटो आमच्या रांजणगावला बनायची. तिच्या स्टीयरिंगमधून रस्ता हाताला कळायचा, असं मी अजून कुठल्या नव्या स्वस्त गाडीत अनुभवलेलं नाही. २०१५ मध्ये तिचीच १४५ अश्वशक्तीची अबार्थ आली, एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत. आजही तो भाव ऐकून विश्वास बसत नाही. फोर्डची १.५ डिझेलवाली फिगो, शंभर अश्वशक्ती. फोक्सवॅगन पोलो. तिघींचं कौतुक आपण भरपूर केलं. कट्ट्यावर, कॉमेंटमध्ये, एकमेकांना फोटो पाठवून. आणि शोरूममध्ये जाऊन दुसरंच काहीतरी घेतलं, कारण "रीसेल नाही" आणि "स्पेअर महाग". पुंटो गेली, २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, २०२२ मध्ये पोलो थांबली. कंपन्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांनी आपल्या कौतुकावर कारखाना किती दिवस चालवायचा? यातली एखादी नीट राखलेली मिळाली आणि ती ओळखणारा मेकॅनिक तुमच्या गावात असला तर जरूर घ्या. मेकॅनिक आधी शोधा, गाडी नंतर. पहिलीच गाडी असेल तर या भानगडीत न पडलेलं बरं.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले एक ठरलेला गुळगुळीत रस्ता दाखवतात. त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. आपण आपला रस्ता सांगायचा. एक चढ हवा, एक फुटलेला रस्ता, एक अरुंद यू-टर्न. तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगावरून अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा, इंजिन कुरकुरतं की उचलतं? चढावर दुसरा गिअर, एसी चालू, गाडीत चार माणसं. ब्रेक पहिल्या इंचातच झडप घालतो की पायाच्या दाबाप्रमाणे वाढतो? सरळ रस्त्यावर स्टीयरिंग किंचित हलवलं तर नाक हलतं की मधे पोकळी आहे? आणि सेल्समनला प्रेमाने पाच मिनिटं गप्प बसायला सांगा. टचस्क्रीन नंतर बघता येते, ती उभ्या गाडीतही चालते.

गाडी घेऊन झाली आणि थोडे पैसे उरले तर अलॉय आणि स्पॉयलरच्या नादी लागू नका, पुढेमागे चांगले टायर घ्या. स्वस्त गाडीत कंपनी सगळ्यात आधी टायरमध्ये हात आखडते, आणि गाडी रस्त्याला टेकते ती तेवढ्या चार तळहातांएवढ्या जागेवर. पावसात पसरणी उतरताना फरक लगेच कळतो. हवा पंधरा दिवसांनी तपासायची, टायर गार असताना. पंपावरचा मुलगा सगळ्यांना सरसकट पस्तीस भरतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो, तो वाचून त्याला सांगायचा आणि तो भरेपर्यंत खाली उतरून शेजारी उभं राहायचं.