पंधराव्या वर्षाच्या आत

उज्जैनमध्ये खून झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर निदान तयार असतं, "सायकोच असणार तो." फ्रीगंजातल्या मराठी घरांतही हेच ऐकू येतं. एकदा माणूस वेडा ठरवला की आपला त्याच्याशी संबंध संपतो. ही पळवाट मला मान्य नाही.

'सायको' म्हणताना लोकांच्या मनात जे असतं, त्याच्या जवळ जाणारं मानसोपचारातलं निदान म्हणजे समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार. तो प्रौढांमध्ये किती? अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीत वर्षभरातलं प्रमाण ०.२ ते ३.३ टक्के दिलं होतं. २०११च्या जनगणनेत उज्जैन शहराची लोकसंख्या ५ लाख १५ हजार होती. त्यातले दोन-तृतीयांश प्रौढ धरले, तर हा आकडा सातशेवर थांबेल किंवा अकरा हजारांवर जाईल. एवढी तफावत पडते, कारण हा विकार रक्त तपासून कळत नाही. सतत फसवणूक, मारामाऱ्या, अंगावरची जबाबदारी झटकणं, दुसऱ्याला दुखावून काहीच न वाटणं हे सगळं माणसाशी बोलून आणि त्याचा पूर्वेतिहास खणून काढावं लागतं. शिवाय ज्याला पश्चात्तापच नाही, तो दवाखान्याची पायरी कशाला चढेल? बहुतेकदा येते ती थकलेली बायको, नाहीतर आई.

तुरुंगात चित्र पार वेगळं आहे. फझेल आणि दानेश यांनी २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र मांडल्या. पुरुष कैद्यांत ४७ टक्के आणि स्त्री कैद्यांत २१ टक्के जणांना हा विकार आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक पुरुष कैदी गुन्हेगार होते, पण या विकाराचे नव्हते. टपरीवरचं निदान इथेच कोसळतं.

त्या पुस्तिकेतली एक अट मात्र प्रत्येक पालकानं वाचावी. अठरा पूर्ण झाल्याशिवाय हे निदान करता येत नाही, पण वर्तनविकाराच्या खुणा पंधराव्या वर्षाआधी दिसलेल्या असाव्या लागतात. प्राण्यांचे हाल करणं, चोऱ्या, आगी लावणं, रात्र रात्र घराबाहेर राहणं, लहानांना धाकात ठेवणं. एखाद्या खोडीवरून नव्हे, हे महिनोन्‌महिने चालत असेल तर.

आमच्या शहराला पोरवयातली गुंडगिरी नवीन नाही. कपाळावर टिळा, डोळ्यांत काजळ, गळ्यात काळा गमछा घालून फेसबुकवर स्वतःच्या गुंडगिरीची जाहिरात करणारा दुर्लभ कश्यप इथलाच. सप्टेंबर २०२०मध्ये एका चहाच्या दुकानापाशी टोळीच्या भांडणात तो मारला गेला, तेव्हा जेमतेम विशीचा होता. त्याला कोणता विकार होता हे मी सांगणार नाही, तो अधिकार तपासणाऱ्या डॉक्टरचा. मला पोटात कालवतं ते त्याच्या मागे तसाच गमछा गुंडाळून फिरणारी शाळकरी पोरं पाहून. ती सगळी आजारी नाहीत. त्यांना कुणीतरी मोठं म्हणावं, एवढीच त्यांची भूक आहे, आणि ती भागवायला टोळी सगळ्यांत आधी पोचते.

अमेरिकेत ली रॉबिन्स यांनी बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या मुलांचा तीस वर्षं मागोवा घेऊन १९६६ साली पुस्तक लिहिलं. अतिशय दांडगट मुलांपैकीही निम्म्याहून अधिक जण मोठेपणी समाजविरोधी निघाले नाहीत. म्हणजे वाट वळते. प्रौढपणी या विकारावर खात्रीचं औषध नाही, पण लहानपणी आईवडिलांना वागणूक हाताळण्याचं रीतसर प्रशिक्षण दिलं तर फरक पडतो.

आपण मात्र शाळेतून तक्रार आली की एकतर पोराला बडवतो, नाहीतर "मोठा झाला की येईल ताळ्यावर" म्हणून सोडून देतो. मारानं मूल मारायलाच शिकतं, आणि वाट पाहण्यात हातची वर्षं निघून जातात. बारा-तेरा वर्षांच्या मुलात वरच्या खुणा दिसत असतील, तर शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो आणि पैसे लागत नाहीत.