गुणगुण की खर्ज?

घरी जुळवलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर थोडा गुणगुणणारच, असे आपल्याकडचे हौशी लोक सर्रास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. केरीच्या केसरबाई केरकरांची जुनी रेकॉर्ड लावून बघा. तिची खरखर कान विसरतो, पण खालून सतत चालणारी गुणगुण आधीच पुसट असलेला तंबोरा गिळून टाकते. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर उरणारी गुणगुण १०० हर्ट्झची. म्हणजे खर्जातल्या पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी, दोन्हींशी बेसूर! बायकांच्या तंबोऱ्याचा खर्ज बहुधा तिथेच आसपास लागतो.

मग लोक महागडे व्हॉल्व्ह बदलत बसतात. (गोव्याच्या दमट हवेला शिव्या देणे हा त्यानंतरचा उद्योग.) आधी आवाजाचे बटण शून्यावर आणा की! गुणगुण तशीच राहिली तर बहुधा फिल्टरचे कपॅसिटर सुकलेले. बटणाबरोबर वाढली तर दोष त्याच्या अलीकडे, इनपुटच्या वायरीत किंवा अर्थिंगमध्ये. सूर एक सप्तक खाली, ५० चा वाटला तर फिलामेंटच्या वायरी एकमेकींना नीट पिळल्या आहेत का ते पाहा. फक्त एक सांभाळा. मशीन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नका.