झाडावर चढणाऱ्याचीही नोंद हवी

मे महिना आला की मुंबई आणि आसपासच्या शहरांत सोसायट्यांच्या फलकावर एक सूचना ठरलेली असते: पावसाळ्याआधी आवारातील धोकादायक फांद्या छाटून घ्यायच्या आहेत. सचिव महापालिकेच्या उद्यान खात्याकडे अर्ज करतात, झाडाची पाहणी होते, परवानगी मिळते आणि ठेकेदाराला फोन जातो. ठरलेल्या सकाळी टेम्पोतून चार-पाच माणसे उतरतात. त्यांतला एक कमरेला कोयता अडकवून, खांद्यावर नायलॉनची दोरी टाकून, अनवाणी गुलमोहरावर चढतो. डोक्यावर हेल्मेट नसते. दोरी असते ती फांदी खाली सोडण्यासाठी. स्वतःला बांधून घेण्यासाठी तिचा उपयोग क्वचितच होतो. तीस-चाळीस फुटांवर तो एका फांदीवर उभा राहून दुसरी तोडतो आणि खाली उभे असलेले रहिवासी आपापल्या गाड्या बाजूला घेतात.

या सगळ्या व्यवहारात झाडाची नोंद होते. त्यावर चढणाऱ्या माणसाची होत नाही.

महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांसाठी 1975 पासून स्वतंत्र कायदा आहे. त्याने वृक्ष प्राधिकरणे निर्माण केली, वृक्षगणना बंधनकारक केली आणि विनापरवाना तोडीला शिक्षा ठेवली. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. या कायद्यासाठी पर्यावरणप्रेमींनी रस्त्यावर आणि न्यायालयात चिकाटीने लढा दिला आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. मुंबईच्या वृक्षगणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडे मोजली गेली, त्यांतली निम्म्याहून अधिक खासगी आवारांत आहेत. म्हणजे मुंबईतल्या बहुसंख्य झाडांची देखभाल ज्याच्या-त्याच्या सोसायटीने, शाळेने, कारखान्याने नेमलेल्या माणसांच्या हाती आहे. ती माणसे कोण, त्यांना हे काम कोणी शिकवले, ती वर अडकली तर त्यांना खाली कोण आणणार, याबद्दल हा कायदा एक शब्द बोलत नाही.

झाडावरचे काम हे उंचीवरच्या इतर कामांपेक्षा अवघड आहे. इमारतीच्या परांचीवर उभा असलेला गवंडी निदान एवढे जाणतो की भिंत जागची हलणार नाही. झाडाचे तसे नसते. आतून पोखरलेली फांदी बाहेरून हिरवीगार दिसते. बुंध्याशी उगवलेली बुरशी मुळे कुजल्याची खूण असते, पण ती पाहायची असते हे ठाऊक असावे लागते. फांदी वरून कापत गेले की शेवटी ती साल सोलत खाली झेपावते आणि कापणाऱ्यावरच येते. म्हणून जाणता माणूस आधी खालच्या बाजूने अर्धवट काप घेतो, मग थोडे पुढे सरकून वरून कापतो आणि उरलेला खुंट शेवटी काढतो. चेनसॉच्या पात्याचे वरचे टोक लाकडाला टेकले तर करवत क्षणात मागे उसळते. फांदीला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने ती चालवणाऱ्याला तेव्हा सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय आपल्याकडे आग्या मोहोळ आहे. दाट पानांत लपलेल्या पोळ्यावर कोयत्याचा घाव बसला आणि माणूस वर अडकलेला असला, तर उतरायचे कसे याचा विचार चढण्याआधीच झालेला असावा लागतो.

आणि विजेच्या तारा. अमेरिकेतील कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने 1992 मध्ये झाडछाटणीवर खास इशारा-पुस्तिका काढली, तेव्हा तिच्या शीर्षकातच दोन धोके होते: पडणे आणि विजेचा धक्का. मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांतून, कोकणातल्या कुठल्याही वाडीतून चालत गेले तरी झाडांतून गेलेल्या तारा दिसतात. ओली फांदी तारेला टेकली की ती स्वतः तार होते. त्यासाठी आधी वीज कंपनीला कळवून प्रवाह बंद करून घ्यायला हवा, हे सगळ्यांना मान्य असते. मात्र एका झाडासाठी अर्धा दिवस वाट पाहायला ठेकेदार तयार नसतो आणि दुपारी पंखे बंद ठेवायला रहिवासी.

जिथे हे काम व्यवसाय म्हणून मानले गेले आहे तिथे नियम कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत झाडांची निगा राखणाऱ्यांसाठी 'झेड 133' नावाचे सुरक्षा मानक आहे. 1968 मध्ये एका आईने आपला मुलगा झाडावर काम करताना गमावला आणि या धंद्याला सुरक्षेचे नियम हवेत म्हणून ती झटली. त्यातून समिती बसली आणि 1972 मध्ये मानकाला मान्यता मिळाली. वीज हाताळण्याचे प्रशिक्षण नसलेल्या माणसाने सामान्य वितरण तारांपासून किमान दहा फूट दूर राहावे, हा त्यातला एक नियम. त्या देशातही केंद्र सरकारचा केवळ या कामासाठीचा स्वतंत्र नियम अजून झालेला नाही. पण निदान काम चोख कसे करायचे हे लिहून ठेवलेले आहे आणि न्यायालयांपासून विमा कंपन्यांपर्यंत सगळ्यांना त्याकडे बोट दाखवता येते.

ब्रिटनचे 2005 चे उंचीवरील कामाचे नियम आणखी पुढे जातात. त्यांचा पहिला प्रश्न असा की वर चढण्याची गरज आहे का? जमिनीवरून लांब दांड्याच्या करवतीने काम होत असेल तर चढू नये. हायड्रॉलिक शिडीची गाडी पोहोचत असेल तर ती वापरावी. चढण्यावाचून गत्यंतर नसेल तेव्हाच दोर आणि हार्नेस, आणि तेही शक्यतो दोन वेगवेगळ्या आधारांना बांधलेल्या दोन दोऱ्यांवर. माणूस उचलणारे साहित्य दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावे लागते. सर्वांत महत्त्वाची अट सुटकेची आहे. चढणारा वर जखमी झाला तर त्याला खाली आणण्याची योजना काम सुरू होण्याआधी तयार हवी, आणि ती पार पाडू शकणारा माणूस साहित्यासह जागेवर हवा. या अटीमागे जीवघेणे कारण आहे. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये नुसता लोंबकळत राहिला, तर पायांत रक्त साठून काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत थांबता येत नाही. दोरी आणि पट्टा विकत आणले म्हणजे सुरक्षा झाली, असे मानणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापनाने हे लक्षात घ्यावे.

आता कोकणाकडे वळू. तिथे झाडावर चढणे हे वर्षभराचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. तळकोकणात आणि गोव्यात ज्यांना पाडेली म्हणतात ते नारळ पाडणारे, सुपारीच्या बागांत एका खोडावरून शेजारच्या खोडावर जाणारे, माडी काढणारे, या सगळ्यांचे कसब अस्सल आहे. त्याचा आदर राखूनच बोलले पाहिजे. पण कसबाने उंची कमी होत नाही. उंच जातीचा माड साठ-सत्तर फुटांपर्यंत जातो. पावसाळ्यात सुपारीवर कोळे रोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारायचे तर शेवाळलेल्या, निसरड्या खोडावरच चढावे लागते. गेंड्या भुंग्याने आणि सोंड्या भुंग्याने शेंडा पोखरलेला असेल तर ज्या झावळीला हात घालायचा तीच हातात येते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर धडकले, तेव्हा नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्तेने एकट्या मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे पाडली. अशी अर्धवट मोडलेली, एकमेकांवर रेललेली, ताणाखाली वाकलेली झाडे कापणे हे या धंद्यातले सर्वांत धोक्याचे काम. ते करायला हाताशी जो मिळेल तो गेला. रस्ते मोकळे झाल्याच्या बातम्या आल्या. ते मोकळे करणारे कोणत्या साधनांनिशी झाडांवर गेले होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

गोव्याचे उदाहरण तर फार बोलके आहे. 2016 मध्ये तिथल्या सरकारने वृक्षसंरक्षण कायद्यातून माडाला वगळले आणि माड हा वृक्ष की गवताच्या कुळातला, यावर राज्यभर वाद पेटला. लोकांनी विरोध केला, 2017 मध्ये माडाला संरक्षण परत मिळाले आणि तो राज्यवृक्षही झाला. हा विजय योग्यच होता. त्या चर्चेत माड होता, जमीन होती, बिल्डर होते. माडावर रोज चढणारा पाडेली मात्र तिथेही बाहेरच राहिला.

काम वेगळ्या पद्धतीने होऊ शकते हे केरळने दाखवले आहे. चढणारी माणसे मिळेनाशी झाल्यावर नारळ विकास मंडळाने 2011 मध्ये 'नारळवृक्षाचे मित्र' ही प्रशिक्षण योजना सुरू केली. तरुणांना, आणि विशेष म्हणजे महिलांनाही, यंत्राच्या साहाय्याने माडावर चढायला शिकवले गेले. खोडाला पकडणाऱ्या दोन चौकटींवर पाय ठेवून पायरी-पायरीने वर जाण्याचे हे यंत्र वीज-इंधनाशिवाय चालते. मंडळाची चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजनाही आहे आणि तिच्या हप्त्याचा मोठा वाटा मंडळ स्वतः भरते. हे मंडळ केंद्र सरकारचे आहे, केरळपुरते नाही. त्याचे महाराष्ट्रातील केंद्र ठाण्यात आहे. कोकणातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातल्या चढणाऱ्यांची यादी करून तिथे अर्ज पाठवायला कोणाची आडकाठी आहे?

या यंत्राची मर्यादाही मान्य केली पाहिजे. अनवाणी चढणारा पाडेली त्यापेक्षा वेगाने चढतो, आणि मजुरी झाडामागे मिळते. सुरक्षेची सगळी चर्चा या एका गोष्टीपाशी अडते. झाडामागे पैसे देणारा बागायतदार किंवा ठेकेदार खरे तर घाईचे पैसे देत असतो. पट्टा बांधायला, आधार तपासायला लागणारी मिनिटे चढणाऱ्याच्या खिशातून जातात. मग तो पट्टा टाळतो आणि सगळे म्हणतात, त्यांना सवयच नाही, सांगून ऐकत नाहीत. हा आरोप अन्यायाचा आहे. दिवसाच्या हिशेबाने पुरेशी मजुरी मिळाली तर तोच माणूस पट्टा बांधेल. जिवाची किंमत त्याला इतर कोणाहूनही जास्त कळते.

कायद्यात आधार अजिबात नाही असेही नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ताड-माडाचा रस काढणे आणि झाडे तोडणे ही कामे स्पष्टपणे नोंदली गेली होती. म्हणजे या कामात माणसे मरतात, हे कायद्याला फार पूर्वीच कळले होते. पण त्याच कायद्यात ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मुख्य मालकावर टाकताना, काम त्याच्या व्यापार-धंद्याचा भाग असावे अशी अट होती. सोसायटीच्या आवारातली फांदी छाटणे हा कोणाचा धंदा? ठेकेदार हात वर करतो, सोसायटी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि मृताच्या घरच्यांच्या हाती वर्गणीचे पाकीट पडते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. झाडछाटणीच्या टोळीत चौघे-पाचजण असतात. मात्र धोकादायक काम म्हणून अधिसूचना काढली, तर एका कामगारालाही ती संहिता लागू करण्याची सोय सरकारने ठेवली आहे. झाडावर चढून करायच्या कामाची अशी अधिसूचना निघालीच पाहिजे.

त्याहून सोपा उपाय महापालिकांच्या हातात आहे. फांदी छाटण्याची परवानगी त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. त्या अर्जात आणखी काही रकाने वाढवावेत: चढणाऱ्याचे नाव आणि प्रशिक्षण, अपघात विम्याचा क्रमांक, भारतीय मानकानुसारचा पूर्ण शरीराचा हार्नेस, जवळच्या तारांचा प्रवाह बंद केल्याची नोंद आणि सुटकेसाठी जागेवर असणाऱ्या व्यक्तीचे नाव. रकाने भरले नाहीत तर परवानगी नाही. एका दिवसात नियम बदलला तर प्रशिक्षित माणसे आणायची कोठून, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी आधी उद्यान खात्याने आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने अभ्यासक्रम सुरू करावेत, आज काम करणाऱ्या अनुभवी माणसांना त्यात पहिली जागा द्यावी, त्यांच्या कसबाला प्रमाणपत्र द्यावे आणि मगच सक्ती आणावी. एक-दोन वर्षांची मुदत त्याला पुरे.

यात झाडांचेही हित आहे, हे वृक्षप्रेमींनी ध्यानात घ्यावे. घाबरत, घाईने, मिळेल तिथे तोल सांभाळत काम करणारा माणूस फांदी योग्य जागी कापू शकत नाही. तो शेंडा उडवतो, खुंट ठेवतो. त्या खुंटातून पाणी मुरते, कूज आत शिरते आणि जखमेभोवती नुसत्या सालीच्या आधाराने धुमारे फुटतात. तीन-चार वर्षांनी ते हाताएवढे जाड होतात, वाऱ्यात मोडतात, आणि छाटायला आलेला पुढचा माणूस त्यांनाच धरून वर चढतो.

सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा पावसाळ्याआधी होणार असेल, तर सभासदांनी झाडछाटणीच्या खर्चाला मंजुरी देताना सर्वांत स्वस्त दरपत्रकावर सही करू नये. वर कोण चढणार, त्याचा विमा आहे का आणि तो अडकला तर त्याला कोण उतरवणार, हे ठेकेदाराकडून आधी लिहून घ्यावे.