बाई, माझं पाणी हिरवट झालं!



आमच्या चौथीच्या वर्गात मध्यंतरी एक भांडण झालं. भांडण जास्वंदीवरून होतं आणि त्यात चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

प्रयोग अगदी सोपा. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवायच्या, पाणी गाळायचं आणि दोन वाट्यांत घ्यायचं. एका वाटीत लिंबू पिळायचं, दुसरीत साबणाचं पाणी घालायचं. काय दिसणार तेही मी फळ्यावर लिहून टाकलं : "पाण्याचा रंग जांभळट. लिंबू घातल्यावर गुलाबी. साबण घातल्यावर हिरवा." मुलांनी घरी करून वहीत लिहून आणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला बसले. एका मुलीच्या वहीत "पाण्याचा रंग" याच्यापुढे इतकं खोडलं होतं की कागद फाटायला आला होता. त्याच्यावर लिहिलं होतं "जांभळट". मी वही उजेडाकडे धरली. खालचा शब्द दिसला : "हिरवट".

"अगं, हे काय गं?"

"बाई, माझं पाणी आधीच हिरवट झालं. साबण घालायच्या आधीच. पण तुम्ही फळ्यावर जांभळट लिहिलं होतं ना, म्हणून..."

"वाटीला साबण राहिला असेल," मी म्हणाले, आणि खोडून लिहिलेल्या उत्तरावर बरोबरची खूण केली!

तिच्या शेजारी बसणारा मुलगा मात्र गप्प बसेना. "बाई, तिच्याकडे बोअरचं पाणी येतं. आमच्याकडे नळाचं." मिरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कुठे नळ, कुठे टँकर, कुठे बोअर. आमच्या वर्गात कुणाच्या घरी कुठलं पाणी येतं हे मुलांना तोंडपाठ असतं.

त्या दोघांनी काय केलं असेल? पाण्याच्या बाटल्यांची अदलाबदल! तिच्या घरचं पाणी त्याच्या घरी गेलं, त्याच्या घरचं तिच्याकडे. त्याच्याच आईच्या घासलेल्या पातेल्यात, त्याच्याच कुंडीतली जास्वंद. आणि पाणी हिरवट! तिच्याकडे मात्र या वेळी छान जांभळट. बोअरच्या पाण्यात जमिनीतले क्षार उतरलेले असतात आणि त्यातले काही थोडे थोडे साबणासारखेच वागतात. जास्वंदीने ते ओळखलं, बाईंनी नाही. फळ्यावर मी नुसतं "पाणी" लिहिलं होतं. कुठलं, ते लिहिलंच नव्हतं.

पालकसभेत मी ही गोष्ट सांगितली. एका मुलाचे बाबा बोईसरच्या बाजूला औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करतात. ते हसायला लागले. "बाई, तुमच्या वर्गात 'ऑरगॅनिक सिंथेसेस' सुरू झालं म्हणायचं!"

मी डी.एड. झालेली, माझं रसायनशास्त्र बारावीपर्यंतचं. म्हणून त्यांच्याकडूनच सगळं समजून घेतलं, मग थोडं वाचलंही.

ऑरगॅनिक म्हणजे सेंद्रिय. कार्बनच्या संयुगांचं शास्त्र ते सेंद्रिय रसायनशास्त्र. साखर, रॉकेल, तापाची गोळी, जास्वंदीचा रंग, सगळं त्यात आलं. या विषयात कुणी नवीन काही शोधलं की ते लिहून शोधपत्रिकेकडे पाठवतात. संपादक ते लगेच छापत नाहीत. त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे वाचायला देतात. ते शंका काढतात, दुरुस्त्या सुचवतात आणि पटलं तर लेख छापला जातो. पण बहुतेक ठिकाणी हे परीक्षक लेख फक्त वाचतात. मी तुमच्या वह्या तपासते तशा. प्रत्येक वहीसाठी मी कुठे घरी जाऊन जास्वंद भिजवते?

'ऑरगॅनिक सिंथेसेस' मात्र निराळं आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारी रसायनं अमेरिकेत मिळेनाशी झाली. तेव्हा इलिनॉय विद्यापीठातले विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती स्वतःच बनवू लागले. कुठली कृती नक्की जमते, कुठली फसते, याच्या टिपा साठत गेल्या. त्यातूनच रॉजर ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ साली या प्रकाशनाचा पहिला खंड काढला. नियम एकच आणि कडक. कुणी कृती पाठवली की संपादक मंडळातल्या एखाद्याच्या प्रयोगशाळेत ती पहिल्यापासून करून बघायची. जमली तर छापायची, नाही तर नाही. छापताना कृती पाठवणाऱ्याचं नाव असतं, तसं करून पाहणाऱ्याचंही. आणि टिपा बरेचदा कृतीपेक्षा लांब! ढवळायचं कसं, रंग कधी बदलतो, कुठली वस्तू कशी शुद्ध करून घेतली. तिथे नुसतं "पाणी" लिहून चालत नाही.

आता आपल्याकडे या. तुम्ही करंजाचं झाड पाहिलं असेलच. खाडीकाठी, रस्त्याच्या कडेला असतं. उन्हाळ्यात खाली फिकट गुलाबी फुलांचा सडा पडतो. चपट्या शेंगांत एखाददुसरी बी असते. तिचं तेल कडू, दिव्याला आणि खरजेवर वापरत. पुण्याचे रसायनशास्त्रज्ञ दत्तात्रय बाळकृष्ण लिमये यांनी या तेलातून 'करंजीन' नावाचं स्फटिकासारखं द्रव्य वेगळं काढलं आणि १९२५ साली ते जाहीर केलं. १९३६ मध्ये त्यांनी पुण्याहून एक नियतकालिकच सुरू केलं. नाव 'रसायनम्'. सेंद्रिय रसायनशास्त्रातले शोधनिबंध त्यात येत.

मला आधी वाटलं, स्वतःच शोध लावायचा आणि स्वतःच्याच नियतकालिकात छापायचा? हे तर माझ्या फळ्यासारखंच झालं. मग खरं-खोटं बघणार कोण?

लिमयांच्या एका युक्तीची गोष्ट सांगते. रिसॉर्सिनॉल नावाच्या रेणूत सहा कार्बन फेर धरून असतात. त्यातल्या दोघांकडे ऑक्सिजनचं ओझं असतं. या दोघांच्या मधल्या कार्बनला एक नवा पाहुणा जोडायचा होता. पण पाहुणा मधे शिरायला तयार नसतो, बाहेरच्या बाजूला जाऊन चिकटतो. भाईंदरहून सकाळच्या लोकलने जाणाऱ्या आपल्या बाबांना विचारा, दोन धिप्पाड माणसांच्या मधे बसायला कुणाला आवडतं? लिमयांनी काय केलं, बाहेरची जागा आधी दुसऱ्याच कुणाला तरी देऊन अडवून ठेवली. पाहुणा गुपचूप मधे गेला. मग जागा अडवणाऱ्याला उठवून दिलं!

हे काम त्यांनी १९३२ सालीच जर्मनीतल्या एका नामांकित शोधपत्रिकेत छापलं होतं. पुढे १९४१ साली 'ऑरगॅनिक सिंथेसेस'च्या एकविसाव्या खंडात असाच एक पदार्थ बनवायची कृती आली. वाट तीच, आधी जागा अडवायची, मग उठवायचं. कृती पाठवली अमेरिकेतल्या दोघांनी, संदर्भात नाव पुण्याच्या लिमयांचं. आणि छापण्याआधी तिसऱ्याच प्रयोगशाळेत ती करून पाहिलेली. लिमयांना न भेटलेल्या माणसांच्या हातूनही ती जमली. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं.

आईबाबांनो, एक विनंती तुम्हालाही. मुलांच्या वहीत पुस्तकापेक्षा वेगळं काही दिसलं तर लगेच खोडायला लावू नका. आधी एकदा त्यांच्याबरोबर तुम्हीही करून बघा. मी हे घाई करून शिकले आहे.

त्या मुलीची वही मी परत मागून घेतली. माझी बरोबरची खूण खोडली आणि तिला तिचा पहिला शब्द पुन्हा लिहायला सांगितला. तिने "हिरवट" लिहिलं आणि पुढे आपणहून जोडलं : "बोअरचं पाणी, तिसरा मजला."

आता तुमची पाळी. लाल जास्वंदीची पाच-सहा फुलं घ्या, देठ आणि हिरवा भाग काढून टाका. पाकळ्या दोन पेले गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा. गरम पाणी मात्र मोठ्यांनी ओतायचं. गाळून रंग लिहा. मग लिंबू, मग साबण. पाणी बदलून पुन्हा करा. नळाचं, विहिरीचं, बोअरचं, पावसाचं, जे मिळेल ते. उत्तनची मुलं समुद्राचं घेऊन बघू शकतील. एकाने करायचं, मित्राने किंवा मैत्रिणीने आपल्या घरी पुन्हा करून पाहायचं आणि दोघांची नावं लिहून मला पाठवायचं. दोघांचे रंग जुळले नाहीत तर तेही पाठवा, ते मी आधी वाचीन.

तुमच्या बाई